पावणेचारची पायदस्त

आमच्या चाळीच्या मागच्या गॅलरीत उभं राहिलं की मलबार हिलची झाडी दिसायची आणि त्या झाडीवर घिरट्या घालणारी गिधाडं. ठाकूरद्वारला तिसऱ्या मजल्यावर राहून समुद्र काही दिसत नसे, पण गिधाडं मात्र रोज दिसत. कपडे वाळत घालणाऱ्या बायका तिकडे एकदा बघायच्या, "आज पारशांचं कोणीतरी गेलं वाटतं" म्हणायच्या आणि पुढचं लुगडं झटकायला घ्यायच्या. त्यांचं तेवढ्यावर भागायचं. माझं भागायचं नाही. मी जन्माची भोचक. कुठल्याही बंद दाराआड काय आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडत नसे, आणि या स्वभावापायी मी आईचा जितका मार खाल्ला तितका अभ्यासापायीसुद्धा खाल्ला नाही.

"तिथं आत काय आहे गं?" मी विचारी.

"पारशांची विहीर," आई म्हणे.

"विहिरीवर गिधाडं कशाला?"

"तुला काय करायचंय? शेंगा सोल."

वरच्या मजल्यावरच्या काकू गच्चीत पापड घालायच्या तेव्हा त्यांवर काकांचं जुनं धोतर पसरून ठेवायच्या. कावळ्यांसाठी नव्हे, गिधाडांसाठी. कुठल्या तरी बंगल्याच्या गच्चीत म्हणे एकदा माणसाचं बोट पडलं होतं. बंगला कोणाचा, बोट कोणी पाहिलं, यातलं काही काकूंना सांगता यायचं नाही, पण धोतर कधी चुकायचं नाही. मी कॉलेजात जायला लागले तरी काकूंचा पापड खाण्याआधी उलटून बघत असे, हे कबूल करते.

शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात मुंबईवर एक धडा होता. त्यात 'टॉवर ऑफ सायलेन्स' आलं. बाईंनी फळ्यावर मराठीत लिहिलं, शांततेचा मनोरा. झालं, माझ्या डोक्यात गोंधळ. घरी विहीर, शाळेत मनोरा. एक खाली जाते, दुसरा वर जातो. मी उभी राहून विचारलं, "बाई, विहीर खरी की मनोरा?" त्या म्हणाल्या, "परीक्षेत मनोरा लिही आणि खाली बस." त्या दिवसापासून एक उंच, पांढरा, बारीक खिडक्यांचा मनोरा माझ्या डोक्यात उभा राहिला तो राहिलाच. गॅलरीतून मी त्याचा शेंडा शोधायची. एवढा मनोरा आहे तर झाडांच्या वर काहीतरी दिसायला नको का? काही दिसत नसे.

हे सांगू शकेल असं घरात एकच माणूस होतं, माझी आत्या. बाबांची थोरली बहीण. विशी ओलांडायच्या आत विधवा झाली, राजापूरहून मुंबईला आली आणि दादरच्या पारशी कॉलनीत एका घरी आया म्हणून राहिली. मी सांगतेय त्या वेळेला तिला तिथं बावीस वर्षं झाली होती. घरात दोनच माणसं. एक ऐंशीच्या घरातल्या विधवा बाई, मूलबाळ नाही, आणि दुसरा त्यांचा धाकटा भाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेला, सदा कपाळाला आठ्या. त्याला आत्या शेठ म्हणायची. बाईंना नुसतं बाई. आणि बाई तिला रागावल्या की 'आया' म्हणायच्या, एरवी 'डीकरी', म्हणजे लेक. दर दुसऱ्या रविवारी आत्या आमच्याकडे यायची आणि मी तिचं डोकं खायची.

"आत्या, तिथं आत काय असतं?"

"मला काय ठाऊक? मी काय मेल्ये तिथं जाऊन?"

पण एवढं तिनं सांगितलं, की घरात पारशी माणसं विहीर म्हणत नाहीत आणि मनोरा तर नाहीच नाही. बाईंचे यजमान गेले तेव्हा सगळे "डुंगरवाडीला नेलं" एवढंच म्हणत होते. नीट शब्द 'दखमा', तो बाईंच्या तोंडून तिनं एकदाच ऐकला होता, आणि तो उच्चारून बाईंनी लगेच विषय बदलला होता. आत्या स्वतः तेव्हा डुंगरवाडीला गेली नव्हती. घरातला दिवा विझू द्यायचा नसतो म्हणून तिला मागे ठेवलं होतं. दिव्यापाशी बसून होती बिचारी.

आता बाईंच्या दातांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. बाईंना कवळी होती. बाई अतिशय नीटनेटक्या, आणि कवळीशिवाय त्यांना जगात फक्त दोघांनी पाहिलं होतं, दाताच्या डॉक्टरनं आणि आत्यानं. सख्ख्या भावानंही नाही. सकाळी दार बंद करून कवळी बसवायची, मग दार उघडायचं, मग शेठनी चहाला यायचं, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आणि बाईंनी आत्याकडून वचन घेतलं होतं. "डुंगरवाडीला मी बोळक्या तोंडानं नाय जायची. तू बसवायची. दुसऱ्या कोणाला बसवता नाय यायची, वाकडी बसेल." आत्या होय म्हणाली होती. आत्या कोणाला होय म्हणाली की ते झालंच म्हणून समजावं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस ते, मी अजून शाळेत. आमच्या गिरगावात तर घराघरात चूल पेटायच्या आधी घोषणा. माझा दादा सकाळी बाहेर पडला की रात्री घसा बसवूनच परत यायचा. तिकडे दादरला बाई आणि आत्या यांचीही जुंपायची. "मुंबई तुमची झाली तर आमी काय करायचं?" बाई विचारायच्या. आत्या म्हणायची, "तुम्ही आहात तिथंच राहायचं. सकाळी मीच चहा देणार ना? मग झालं तर." दोघी परत भाजी निवडायला लागायच्या.

अशात एक दिवस बाईंनी चिक्की खाल्ली आणि कवळीला तडा गेला. त्या खोलीचं दार लावून बसल्या. शेठना सांगितलं, डोकं दुखतंय. आत्या कवळी डबीत घालून ट्रामनं गिरगावात आली, कारण बाईंचा विश्वास आमच्याजवळच्या एका चिनी दंतवैद्यावरच होता. तो म्हणाला, उद्या देतो. म्हणून आत्या रात्री आमच्याकडे राहिली. दुसऱ्या दिवशी उजाडला तो हरताळ. ट्राम बंद, बस बंद, दुकानांच्या फळ्या लागलेल्या, नाक्यावर पोलिसांच्या लॉऱ्या. आत्यानं मागच्या जिन्यानं जाऊन चिन्याला उठवलं आणि कवळी आणली, पण दादरला जाणार कशी? "बाई उपाशी असतील," एवढंच ती सकाळभर म्हणत होती. "दातांशिवाय त्या शेठसमोर जेवायला बसायच्या नाहीत."

दुपारी दोन वाजता खालच्या इराण्याच्या पोऱ्यानं जिन्यातून हाक मारली, दादरहून फोन आहे. आत्याचे गुडघे दुखरे, म्हणून मीच धावत खाली गेले. हॉटेलचं शटर अर्धं ओढलेलं होतं. फोन ठेवून झाला होता. इराणी गल्ल्यामागे उभा होता आणि त्यानं प्रार्थनेच्या वेळची टोपी डोक्यावर घातली होती, तेव्हाच मी ओळखलं.

"तुम्हारी आत्या की बाई गुजर गयी. सुबह में," तो म्हणाला. "शेठ सवेरे से फोन लगाता था, लगता नहीं था. डुंगरवाडी ले आये. पावणेचार की पायदस्त है." पायदस्त म्हणजे अंत्ययात्रा, एवढं मला कळलं. मग तो बोट वर करून म्हणाला, "सुन, छोकरी. तीन के अंदर पहुँचना. तीन बजे दुवा चालू होगी, उसके बाद परजातवाले को मुँह नहीं बताते."

हे वाक्य मी ऐकलं. नीट ऐकलं. त्याबद्दल मला आजही स्वतःला सूट देता येत नाही. पण त्या वेळी ते माझ्या डोक्यात आपल्या पद्धतीनं शिरलं. आपल्यात काय होतं? चारला उचलायचं म्हणतात आणि साडेपाचला उचलतात. कोकणातून भाऊ यायचाय, थांबा. लेक रस्त्यात आहे, थांबा. बर्फाच्या लाद्या आणतात, पण जवळच्या माणसाला शेवटचं तोंड बघायला मिळाल्याशिवाय कोणी हलवत नाही. आणि बावीस वर्षं जिनं केलं तिच्यासाठी थांबणार नाहीत? मी वर येऊन सांगितलं, "आत्या, बाई गेल्या गं. पावणेचारला नेणार आहेत." तीनचं बोललेच नाही.

आत्या रडली नाही. तिनं पेटीतून धुतलेलं पांढरं लुगडं काढलं, नेसली, आणि कवळीची डबी कमरेला खोचली. "चल गो," म्हणाली. "माझ्याशिवाय वाकडी बसवतील."

सव्वादोनला आम्ही निघालो. आई दारातून ओरडत होती, गोळीबार होईल, जाऊ नका. ठाकूरद्वारहून चौपाटी, चौपाटीवरून बाबुलनाथच्या अंगानं सरळ केम्प्स कॉर्नर. तिथं डुंगरवाडीचा दरवाजा. आत्याच्या चालीनंसुद्धा तीनच्या आत सहज पोचलो असतो. रस्ता ओस होता. भिंतींवर डांबरानं 'झालाच पाहिजे' लिहिलेलं. आमच्या दोघींच्या वहाणांचा आवाज आम्हालाच ऐकू येत होता.

चौपाटी संपते तिथून एक वाट पायऱ्यापायऱ्यांनी डोंगरावर चढते, हँगिंग गार्डनकडे. त्या वाटेशी आलो आणि माझ्यातली ती भोचक जागी झाली. वरून गेलं तर डुंगरवाडीच्या मागच्या अंगानं उतरता येतं, हे मला मैत्रिणीकडून कळलं होतं. वरून मनोरा दिसणार. इतकी वर्षं गॅलरीतून जो दिसला नाही तो वरून दिसल्याशिवाय राहणार नाही. आणि आज तर सांगायला कारणही होतं.

"आत्या, पुढे पोलीस दिसतायत," मी म्हटलं. "दगडफेक झाली तर अडकू. वरून जाऊया."

पोलीस होते, खोटं नाही. दोन हवालदार झाडाखाली बसून विड्या ओढत होते.

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग पायऱ्यांकडे, मग माझ्याकडे. "वेळेत पोचू ना?"

"पोचू की. आपण गेल्याशिवाय थोडेच नेतायत."

ती चढली. एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, माझा खांदा धरून. मधे दोनदा बसली. वर पोचलो तेव्हा तिच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि मी मात्र मान उंचावून बघत होते. झाडं. भिंत. भिंतीपलीकडे परत झाडं. फांदीवर पाठमोरं बसलेलं एक गिधाड, आमच्याकडे लक्षही नाही. उताराला लागलो तेव्हा एके ठिकाणी भिंतीला लागून धोंडा दिसला. "दोन मिनिटं थांब गं," म्हणून मी त्यावर चढले आणि पलीकडे डोकावले. पानं, पानं आणि पानं. मनोऱ्याचा म पण नाही. खाली आत्या कमरेच्या डबीवर हात ठेवून उभी होती.

दरवाजाशी पोचलो तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. काळ्या टोपीतला एक म्हातारा कारकून कचेरीतून बाहेर आला. आत्यानं बाईंचं नाव सांगितलं, कुठून आलो ते सांगितलं. त्यानं मान हलवली. आत, झाडांखाली, एक बैठा बंगला होता. त्याच्या उघड्या दारातून एका लयीत म्हटलेली प्रार्थना ऐकू येत होती.

"बाई, आता नाय होय," तो म्हणाला. "दुवा चालू थई गयी. आता बाहेरच्याला मयताचं मोढुं नाय दाखवता येत."

"मी बाहेरची नाही," आत्या म्हणाली. "मी त्यांच्या घरची आहे."

"ते मला समजते. पण नियम आहे."

आत्यानं डबी काढली, उघडली. गुलाबी हिरड्यांची ती कवळी दुपारच्या उन्हात आम्हा तिघांसमोर. "मी बसवणार होते त्यांना. माझ्याकडून वचन घेतलंय. दोन मिनिटांचं काम आहे. मग मी जाते, बसत नाही."

कारकुनानं डबीकडे बघितलं आणि टोपी सारखी केली. त्याला वाईट वाटलं असावं, पण हलला नाही. तेवढ्यात बंगल्यातून एक माणूस साखळीला धरून कुत्रा घेऊन बाहेर आला. पांढरा कुत्रा, डोळ्यांच्या वर दोन काळे ठिपके. हा कशाला, मी विचारलंच. इथंही विचारलं. कारकून म्हणाला, जुनी चाल आहे, कुत्र्याला मयताचं तोंड दाखवतात.

आत्यानं ते ऐकलं. माझी आत्या आवाज चढवणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी ती म्हणाली, "कुत्र्याला दाखवता आणि मला नाही. बावीस वर्षं रोज सकाळी ज्या तोंडात मी दात बसवले ते तोंड मला नाही." आणि तिचा आवाज फाटला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

कारकून जवळ आला आणि हळू बोलला. "बाई, ऐक. शेठ सख्खा भाऊ. ते पण आता हात नाय लावू शकत. तिरडीच्या पार मागून चालणार. हात लावायची माणसं वेगळी आहेत. तुझा अपमान नाय यात." मग त्यानं तिला झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि पाणी आणून दिलं.

पावणेचारला, मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, पायदस्त निघाली. आत्या उभी राहिली. लोखंडी तिरडी, पांढऱ्या कपड्यातले चौघे ती उचलून चाललेले, वर पांढरं वस्त्र डोक्यापासून पायांपर्यंत. मागे माणसं, दोघं दोघं, आणि प्रत्येक जोडीनं मधे एक पांढरा रुमाल धरलेला. हरताळामुळे आली होती सहाच. एकट्यानं चालायचं नसतं, कारकून म्हणाला. शेठच्या रुमालाचं दुसरं टोक मयताच्या गाडीच्या पारशी ड्रायव्हरनं धरलं होतं, कारण शेठचं म्हणावं असं दुसरं कोणी येऊच शकलं नव्हतं. शेठनी जाताना बाकाकडे पाहिलं, ओळखीची मान हलवली आणि चढावर लागले. झाडांमागे गेल्यावर मग नुसता पाचोळ्यावर पावलांचा आवाज येत राहिला.

आता माझं पुढचं ऐका, म्हणजे मी कसली मुलगी होते ते कळेल. आत्या बाकावर डबी मांडीत घेऊन बसली होती, आणि मी कचेरीच्या दारातून आत डोकावत होते, कारण तिथं काचेच्या पेटीत काहीतरी गोल दिसत होतं. कारकुनानं पाहिलं. "आव, डीकरी, बघ. लोक विचारतात म्हणून नमुनो ठेवलाय."

तो दखम्याचा नमुना होता. उंच नाही, खिडक्या नाहीत, शेंडा तर नाहीच. एक गोल भिंत, आमच्या चाळीहूनही बुटकी, वरून सगळी उघडी. आत फरशी, मध्याकडे उतरती, आणि तिच्यावर आखल्यासारख्या तीन ओळी गोलाकार. बाहेरची पुरुषांची, मधली बायकांची, सगळ्यात आतली मुलांची. आणि मधोमध खोल विहीर. म्हणजे आईचं काही अगदीच चुकलं नव्हतं. कारकून शांतपणे सांगत होता. माती बाटवायची नाही, पाणी बाटवायचं नाही, अग्नी तर मुळीच नाही. ऊन आहे, पाखरं आहेत. "जन्मभर आपण खाल्लं," तो म्हणाला, "आता शेवटी कोणाला तरी खायला घालून जायचं."

"मग याला मनोरा का म्हणतात?"

तो हसला. "ते साहेब लोकचं नाव. कोणी गोरा लिहून गेला, छापलं, ते चिकटलं. आमी दखमुं म्हणतो. आणि घरी तर ते बी नाय म्हणत." मग त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि हात जोडले. "पोचली असेल आता."

माझं बोट त्या वेळी काचेवर होतं, बरोबर मधल्या ओळीवर. मी ते झटकन मागे घेतलं. तोवर तो मला नमुना होता. बाई तिथं आहेत, दादरच्या, आत्याच्या बाई, आत्याकडे गेले की मला पेढा देणाऱ्या, हे तेव्हा डोक्यात शिरलं आणि मला एकदम रडू आलं.

अर्ध्या तासानं शेठ खाली आले. तोंड, हात धुतलेले, मोजे ओले. सरळ बाकाशी आले आणि आत्यापासून हातभर अंतरावर बसले. बावीस वर्षांत ते कधी तिच्या शेजारी बसले नव्हते. आत्यानं डबी पुढे केली. "शेठ, माझ्याकडे राहिली हो ही. बोळक्या तोंडानं गेल्या त्या."

शेठनी डबीत पाहिलं. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "रोज सकाळी दरवाजो बंद कशाला करते, मला समजत नाय? चहा थंड होई तोवर मी बाहेर उभा असे." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "डीकरी, जन्मली त्यारे दात कुठं होते? आली तशी गेली."

आत्यानं विचारलं, "तोंड कसं दिसत होतं?"

"नानी पोरी जेवुं," शेठ म्हणाले. लहान मुलीसारखं. "नाकावर गुस्सो असायचा ना कायम, तो बी उतरला होता." आणि मग तो आठ्यांचा माणूस रुमालात तोंड घालून रडला. आत्याही रडली. शेवटी शेठ म्हणाले, दात तूच ठेव, मी काय करू.

परत येताना आम्ही खालून आलो, सरळ रस्त्यानं. बाबुलनाथपाशी ते दोन हवालदार अजून तिथंच होते. ठाकूरद्वारला आलो तर इराणी शटरमधून वाकून बाहेर आला. "मुँह देखने मिला?" त्यानं आत्याला विचारलं. तिनं मान हलवली, नाही. "मैंने तो छोकरी को बोला था," तो म्हणाला, "तीन के अंदर पहुँचो, उसके बाद नहीं बताते." आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

दोन जिने ती एकेक पायरी करत चढली. तिसऱ्या जिन्यावर, आमच्या मजल्याखाली, ती कठड्याला धरून थांबली. मला वाटलं आता फाडकन मारणार. मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

"तुझा मनोरा दिसला का गो?" तिनं विचारलं.

त्या प्रश्नात खोच नव्हती. खरंच विचारत होती. मी खोटं बोलणार होते, पण जीभ वळली नाही. "नमुना दिसला," मी म्हटलं. "काचेत."

"बरं झालं," ती म्हणाली. "एकीला तरी काहीतरी दिसलं." आणि जिना चढायला लागली.

तो विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. पुढे दादर सोडून ती आमच्याकडेच येऊन राहिली. माझं लग्न तिनंच उभं राहून केलं, माझी पहिली मुलगी तिच्याच मांडीवर वाढली, भांडलो तेव्हाही कडाकडा भांडलो. पण तेवढं एक तिनं माझ्या तोंडावर कधी फेकलं नाही. मीही माफी मागितली नाही. मागेन, मागेन म्हणत राहिले.

आत्या गेली तेव्हा मी नागपूरला होते. तार मिळाल्याबरोबर निघाले, आणि इगतपुरीच्या पुढे रुळांवर काहीतरी झालं आणि गाडी थांबली ती पाच तास थांबली. मला खात्री होती की आता उशीर झाला, नेलं असणार. खिडकीपाशी बसून मी मनाशी म्हणत होते, बरोबर आहे, हेच व्हायला पाहिजे तुझं.

चाळीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली तेव्हा दिवेलागण झाली होती. आणि खाली सगळे उभे होते. दादा, वरच्या मजल्यावरचे काका, नाक्यावरची माणसं, सकाळपासून ताटकळलेले, उपाशी. इराण्यानं खुर्च्या बाहेर काढून दिल्या होत्या. भिंतीला टेकलेली बांबूची तिरडी तशीच होती. वर खोलीत बर्फाची लादी अर्धी विरघळली होती आणि दारापर्यंत पाणी आलं होतं.

"चल आत," वहिनी म्हणाली. "तुझ्यासाठीच थांबलोय. तू आल्याशिवाय कसं हलवायचं?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं की नका थांबू, मला हे मिळायचं काही कारण नाही, मी तिला वीस मिनिटांपायी बाईंच्या तोंडाला मुकवलं. पण मी पाण्यातून चालत तिच्या उशाशी जाऊन बसले, वहिनीनं चेहऱ्यावरचं वस्त्र बाजूला केलं, आणि मी आत्याचं तोंड डोळे भरून पाहिलं.